क्रँकचं बेअरिंग निवडताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून इंजिनाविषयी बोलायचं, तर सुरुवात आवाजापासूनच केलेली बरी. गाडी जुनी आहे, इंजिन चांगलं तापलंय, सपाट रस्त्यावरून आपण पन्नास-साठच्या वेगानं चाललो आहोत आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलला. त्याच क्षणी बॉनेटखालून टक्-टक्-टक् असा घाईघाईचा ठोका येतो. कुणी बोटातल्या अंगठीनं दार वाजवावं तसा. पाय पुन्हा दाबला की तो दबतो. पुष्कळांना वाटतं, टॅपेट सैल झाले असतील. दुसरा एक आवाज असतो तो चढावर येतो. तो जड, दबका, उखळात मुसळ पडावं तसा. पहिला बहुधा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा, ज्याला गॅरेजमध्ये ‘बिग एन्ड’ म्हणतात. दुसरा मेन बेअरिंगचा. एकेका प्लगची वायर काढून पाहिली आणि एखाद्या सिलिंडरपाशी ठोका कमी झाला, तर दोष त्या रॉडमध्ये आहे असं समजायला हरकत नाही.

गेल्या वर्षी माझा भाचा असा ठोका घेऊन माझ्याकडे आला. गाडी म्हणजे माझ्या दाजींची पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या मुंबईकरांनी टॅक्सी म्हणून ओळखल्या. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. घरगुती वापरातल्या काही गाड्या मात्र अजून गावोगावी जपून ठेवलेल्या दिसतात. दाजी गेल्यावर भाच्यानं गाडीचं पूर्ण इंजिनकाम करून घेतलं होतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. आणि चार हजार किलोमीटर होतात न होतात तोच हा ठोका. ताईचं म्हणणं एवढंच होतं, ‘या वेळी नीट होत असेल तर करा, नाहीतर देऊन टाका. दारात बंद पडलेली मला बघवत नाही.’

भाच्याचा निष्कर्ष ठरलेला होता. ‘मामा, मागच्या वेळी बेअरिंगच हलकी मिळाली. आता पैसे गेले तरी चालतील, पण रेसिंगच्या इंजिनात घालतात तसली कडक बेअरिंग मागवू.’

आजचं माझं बोलणं त्याच्या या एका वाक्याभोवतीच आहे. कारण कडक म्हणजे टिकाऊ, हा समज फक्त त्याचा नाही.

बेअरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छर्रे येतात. मोटारीच्या क्रँकला बहुधा छर्रे नसतात. तिथं असतात पत्र्याच्या दोन अर्धवर्तुळाकार वाट्या, ज्यांना शेल म्हणतात. एक वर, एक खाली, दोन्ही मिळून एक गोल. त्यात क्रँकशाफ्टचा घोटलेला गोल भाग, म्हणजे जर्नल, फिरतो. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात अशी तीन मेन बेअरिंग असतात, शिवाय चार कनेक्टिंग रॉडची चार. पिस्टनचा व्यास ६८ मिलिमीटर. पेटलेल्या मिश्रणाचा दाब ४० बार धरला, तर त्या पिस्टनवर दीड टनाच्या जवळपास भार पडतो. मिनिटाला तीन हजार फेरे असतील, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा तडाखा सेकंदाला पंचवीस वेळा बसतो. तो सगळा त्या दोन वाट्यांतून क्रँकवर जातो. तरीही लोखंडाला लोखंड लागत नाही, याचं कारण मधलं तेल.

हे तेल भार कसा उचलतं, हे माणसाला फार उशिरा कळलं. इंग्लंडमध्ये बोचॅम्प टॉवर या अभियंत्यानं १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल सोडण्यासाठी त्यानं बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं होतं. आस फिरू लागल्यावर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागलं. त्यानं भोकात लाकडी गुडदी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली. तिथं दाबमापक लावला, तेव्हा दर चौरस इंचाला २०० पौंडांहून जास्त दाब दिसला, बेअरिंगवर टाकलेल्या सरासरी भारापेक्षा कितीतरी अधिक. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढत नेतो, ते निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबलं जातं आणि त्या दाबावर आस तरंगतो. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगातल्या गाडीचं चाक पाण्यावर चढतं आणि ब्रेक लागत नाही. तिथं जे आपल्या जिवावर येतं, तेच बेअरिंगमध्ये इंजिनाला जगवतं.

म्हणजे ऑइल पंपाचं काम भार उचलण्याचं नाही. फटीत सतत तेल पुरवत राहण्याचं आहे. आणि इंजिन चांगलं चालू असताना बेअरिंगचा धातू जवळजवळ काहीच करत नाही! त्याची गरज लागते ती तेलाचा पापुद्रा तुटतो तेव्हा. सकाळी इंजिन चालू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद, तेलातून कचऱ्याचा कण आला तर, शाफ्ट किंचित वाकडा असेल तर. सर्वांत अरुंद जागी हा पापुद्रा एक-दोन मायक्रॉनपर्यंत पातळ होतो, आणि माणसाचा केस असतो साधारण सत्तर मायक्रॉन जाड. यावरून एखाद्या रेतीच्या कणाचं तिथं काय स्थान असेल ते बघा.

या अडचणीच्या क्षणी बेअरिंगनं काय करावं? मऊ असावं. कण आला तर त्यानं तो स्वतःच्या अंगात रुतवून घ्यावा, म्हणजे तो शाफ्टला ओरखडत बसणार नाही. शाफ्ट टेकला तर स्वतः झिजावं, पण त्याला चिकटू नये. अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये कथिल, अँटिमनी आणि तांब्याचा असा मऊ मिश्रधातू बेअरिंगच्या आतून लावण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडचे जुने मिस्त्री त्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. पूर्वी तो वितळवून जागेवरच ओतत आणि शाफ्टला रंग लावून, खरवडून खरवडून बसवत. फार मेहनतीचं काम होतं ते.

पण नुसत्या मऊपणानं भागत नाही. सेकंदाला पंचवीस तडाखे खाऊन मऊ धातू थकतो, त्याला तडे जातात आणि त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून आजच्या शेलमध्ये थर असतात. मागे पोलादी पत्रा. त्याच्यावर तांबे आणि शिशाच्या मिश्रणाचा मजबूत थर. त्याच्यावर शिसे-कथिलाचा अगदी मऊ मुलामा, जेमतेम बारा ते पंचवीस मायक्रॉनचा. हा झाला तीन धातूंचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात पोलादी पत्र्यावर ॲल्युमिनियम आणि कथिलाचा एकच थर असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा. पहिल्याचा पृष्ठभाग जास्त मऊ, पण तो मऊपणा फार खोल नाही. मुलाम्यापेक्षा मोठा कण आला की तो खालच्या कठीण तांब्यावर जाऊन अडतो आणि शाफ्टला खातो. दुसऱ्याचा पृष्ठभाग थोडा कठीण, पण कणाला रुतायला जागा जास्त. त्यातल्या काही मिश्रणांत सिलिकॉन घालतात. ते ओतीव लोखंडाच्या जर्नलला हळूहळू घासून गुळगुळीत करतं, म्हणून ओतीव क्रँकच्या इंजिनांत ही बेअरिंग पुष्कळ दिसतात. युरोपात २०११ पासून नव्या मोटारींच्या इंजिन-बेअरिंगमध्ये शिसं बंद झालं. त्यामुळे हल्लीच्या काही शेलमध्ये शिशाऐवजी दुसरे धातू असतात. दुकानात विचारून घ्यावं.

आता रेसिंगचं बेअरिंग. पिस्टन आणि रॉडच्या स्वतःच्या वजनामुळे क्रँकवर येणारा ओढीचा भार फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. फेरे दुप्पट झाले की भार चौपट. सात-आठ हजार फेऱ्यांवर तासन्‌तास धावणाऱ्या इंजिनाला थकणार नाही असा कठीण थर आणि त्याच्यावर अगदी पातळ मुलामा लागतो. त्या बदल्यात ते कचरा सहन करत नाही, आणि शर्यतवाल्यांना ते परवडतं, कारण ते थोड्या थोड्या दिवसांनी इंजिन उघडतात. आमची पद्मिनी तीन हजार फेऱ्यांवर मंडईत आणि देवळात जाणार. तिचं बेअरिंग थकून मरण्याची शक्यता कमी, कचऱ्यानं किंवा कोरडं पडून मरण्याची जास्त. भाच्याला मी म्हटलं, ‘कडक बेअरिंग टिकेल रे, पण त्याच्या वाट्याची झीज शाफ्टला सोसावी लागेल. शेल दुकानात मिळतं. शाफ्ट कुठून आणशील?’

हा शाफ्टचा प्रश्न आमच्यापुढे खरोखरच होता, कारण इंजिन उघडल्यावर कळलं की क्रँक आधीच वीसवर आहे. हे ‘वीस’ काय ते सांगतो. जर्नल झिजलं किंवा ओरखडलं की ते ग्राइंडिंग करून पुन्हा गोल आणि गुळगुळीत करतात. व्यास कमी झाला, की तेवढी जाड बेअरिंग घालतात. ही मापं ठरलेली आहेत. इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्या वर्कशॉपमध्ये ‘थाऊ’ म्हणतात. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर, मग वीस, मग तीस. तीसच्या पुढे बहुतेक जुन्या मोटारींना बेअरिंग मिळत नाही आणि शाफ्टही बारीक होत जातो. म्हणजे दाजींच्या गाडीचा हा शेवटचा डाव होता.

मागची बेअरिंग का गेली, हे त्या शेलनीच सांगितलं. जुनी शेल कधी फेकून देऊ नका. कुठल्या जागेचं ते मागच्या बाजूला लिहून, ओळीनं मांडून बघा. आमच्या सातही जोड्यांवर फिरण्याच्या दिशेनं बारीक चरे होते, मुलामा जाऊन तांबूस रंग उघडा पडला होता आणि नखानं चाचपल्यावर रुतलेले कण लागत होते. सगळ्याच जोड्यांवर सारखी खूण म्हणजे दोष एका बेअरिंगचा नव्हे, तेलाचा. क्रँकच्या आतून तेलाच्या वाटा काढलेल्या असतात आणि त्यांची तोंडं बुचांनी बंद केलेली असतात. ती बुचं मी काढली, तर आतून राखाडी गाळाची वडी निघाली. मागच्या ग्राइंडिंगची ती भुकटी होती. शाफ्ट वरून धुतला होता, आतून नाही. पहिल्यांदा इंजिन चालू झालं, तेव्हाच तेलाच्या दाबानं ती भुकटी बेअरिंगमध्ये जायला लागली असणार. अशा ठिकाणी जगातलं सर्वांत महाग बेअरिंग घातलं असतं, तरी तेच झालं असतं.

एका रॉडची कॅप तर कानशीनं घासलेली होती. हा आपल्याकडचा जुना रोग आहे. बेअरिंग सैल वाटलं की कॅप घासायची किंवा शेलच्या मागे पातळ पत्र्याचं पॅकिंग घालायचं. व्हाइट मेटलच्या काळात बेअरिंग असं जुळवून घेत असत, पण शेलला ते चालत नाही. शेलची कडा कॅपच्या कडेपेक्षा केसभर वर असते, ती मुद्दामच. बोल्ट आवळले की ती दाबली जाते आणि शेल आपल्या घरात पाठीनं घट्ट बसतं. त्याची उष्णताही त्या पाठीतूनच बाहेर जाते. शेलला एक छोटा कान असतो, त्यामुळे ते फिरत नाही असा समज आहे. कान फक्त जागा दाखवतो. धरून ठेवतो तो हा दाब. कॅप घासली की घर अंडाकृती होतं. मागे पॅकिंग घातलं की शेल त्या जागी फुगतं आणि तेलाची फट तिथंच बुजते.

‘जितकं घट्ट तितकं काम चांगलं’ ही अशीच दुसरी समजूत. नवं बांधलेलं इंजिन स्टार्टरला फिरत नाही, मग टोचन लावून गाडी ओढायची आणि मालकानं खूश व्हायचं, हे मी लहानपणी कितीदा पाहिलंय! बेअरिंग आणि जर्नल यांच्यात फट हवीच. व्यासाच्या साधारण पाऊण ते एक हजारावा भाग, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला सदतीस ते पन्नास मायक्रॉन. आपल्या इंजिनाच्या पुस्तकात आकडा असेल, तर तोच प्रमाण. फट कमी असेल तर तेल शिरत नाही, जास्त असेल तर तेल कडेनं निघून जातं आणि दिवा लुकलुकायला लागतो. ती मोजायला प्लास्टिकचा एक बारीक मऊ धागा मिळतो. कोरड्या जर्नलवर तो ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, शाफ्ट अजिबात फिरवायचा नाही, कॅप काढायची आणि धागा किती पसरला ते सोबतच्या कागदी पट्टीवर पाहायचं. थोडक्या पैशांत होणारं हे काम आहे, आणि तरी ते फार थोडे लोक करतात.

शाफ्ट घेऊन आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनांमुळे नावारूपाला आलेली ही वसाहत. इथल्या शेडमध्ये शाफ्ट नुसता हातात घेऊन तो किती वाकलाय हे सांगणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. आमच्या मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला, मान हलवली आणि म्हणाले, ‘सर, ठेवून जावा. संध्याकाळी तीसला आणून देतो.’

मी शाफ्ट परत पिशवीत घातला. त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. पण जुन्या गाडीच्या बाबतीत माझा हा हट्ट असतो. आधी बेअरिंग हातात येऊ द्यायची, मग ग्राइंडिंग. एकदा शाफ्ट तीसला घासला आणि तीसची शेल बाजारात नाहीत असं कळलं, तर त्या शाफ्टचं काय करणार? मेनची जोडी कोल्हापुरातच मिळाली. रॉडच्या शेलसाठी तीन आठवडे गेले. शेवटी पुण्यातल्या एका जुन्या स्पेअरच्या दुकानात, वरच्या फळीवर, एक संच सापडला. तांबे-शिशाची, वर मऊ मुलामा असलेली साधी बेअरिंग. खोक्यावरच्या छापावर विश्वास न ठेवता मी प्रत्येक शेल उलटं करून मागचा शिक्का पाहिला. एका खोक्यात दोन वेगवेगळी मापं निघण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वी येऊन गेलाय.

मग मिस्त्रींकडे पुन्हा गेलो. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. जर्नल जिथं शाफ्टच्या बाजूला मिळतं तिथली गोलाई तशीच राहू द्या. तो कोपरा काटकोनात घासला, तर शाफ्ट तिथूनच मोडतो. आणि तेलाच्या भोकांच्या धारदार कडा मारून घ्या, नाहीतर त्या मुलामा खरवडतात. ‘सर, आम्ही काय आज धंद्याला बसलोय काय?’ म्हणाले, पण हसून म्हणाले. शाफ्ट आला तो आरशासारखा आला. घरी आम्ही त्याची बुचं पुन्हा काढली, बाटली धुवायच्या ब्रशनं आणि डिझेलनं तेलाच्या वाटा धुतल्या, हवा मारली, पुन्हा धुतल्या. पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत. भाच्याचा त्यात अख्खा रविवार गेला.

बसवताना घोटाळा होण्याची एक जागा आहे. मेन बेअरिंगच्या वरच्या शेलला बहुधा तेलाचं भोक आणि मधोमध चर असतो. खालचं शेल बऱ्याच इंजिनांत सपाट असतं, कारण भार खाली येतो आणि चर असला की तिथला पापुद्रा पातळ होतो. घाईत खालचं वर गेलं तर तेलाचं भोकच बंद, आणि इंजिन काही मिनिटांत जाम! क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगकडेही लक्ष हवं. सिग्नलला क्लचवर पाय दाबून उभं राहायची सवय असलेल्यांची ती लवकर झिजतात, आणि दाजींना ती सवय होती.

घासलेल्या कॅपचा रॉड आम्ही बदलला. धागा लावून सातही जागा मोजल्या. एक जागा जरा सैल निघाली, तरी पुस्तकातल्या मर्यादेत होती, म्हणून ठेवली. शेलना तेल लावून इंजिन बांधलं, प्लग काढून ठेवले आणि नुसत्या स्टार्टरवर फिरवत राहिलो. ऑइलचा दिवा विझल्यावरच प्लग लावले. इंजिन दुसऱ्या प्रयत्नाला चालू झालं. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तेल बदललं. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओतून आम्ही अंगणात उन्हाला धरलं. चांगलंच काळं झालं होतं. पण त्यात चमक नव्हती.